चिखल, खडी आणि जुनं बनियन

चिखलात जाण्यासाठी बनवलेल्या गाडीला चिखल लागू नये म्हणून जे जे केलं जातं, त्या सगळ्याला मिळून रंगरक्षण म्हणतात. या शास्त्राच्या अभ्यासाला नाशिकसारखी सोयीची जागा नाही, कारण इथे गाडीही तयार होते आणि चिखलही. महिंद्राच्या बोलेरो आणि थारचं माहेर नाशिकचं. बोलेरो २००० साली आली, पहिली थार २०१० साली. जिच्यापायी लग्नाळू मुलगे आणि निवृत्त काका सारखेच वेडे झाले, ती हल्लीची थार २ ऑक्टोबर २०२० रोजी आली. सातपूरवरून जाणारा त्र्यंबक रस्ता तासाभरात थेट चिखलाच्या मुलखात नेऊन सोडतो. बाळंतघराला लागूनच तालीम असावी, तसा हा प्रकार आहे.

अशा गाडीच्या मालकाच्या इच्छा दोन असतात. गाडीवरचा चिखल लोकांना दिसावा ही पहिली, आणि गाडीवरचा ओरखडा कुणालाही दिसू नये ही दुसरी. चिखल हा दागिना, ओरखडा हा डाग. म्हणून रविवारी संध्याकाळी त्र्यंबकजवळच्या पहिनेहून परतलेली गाडी मंगळवारपर्यंत तशीच कॉलेज रोडवर फिरवली जाते. चाकाच्या वर लाल मातीचे फराटे, मागच्या काचेवर पंख्याच्या आकाराची पुसलेली खिडकी, आणि आत मालक: चेहऱ्यावर एव्हरेस्टहून आल्याचा भाव. प्रत्यक्षात चिखल लागलेला असतो तो भजीच्या टपरीसमोरच्या पार्किंगमध्ये.

हल्लीची थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असं कंपनी सांगते. पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा आहे. दोन्ही आकडे मालकाला स्वतःच्या रक्तगटाआधी आठवतात. तरीही मुंबई नाक्याजवळच्या चार इंची डबक्यापाशी तो गाडी थांबवतो, उजवीकडून वाट आहे का ते बघतो, आणि तेवढ्यात शेजारून दूधवाल्याची स्कूटर त्याच डबक्यातून सुसाट निघून जाते. व्हायचं ते अभिषेकासह होतं. मागून विचारणा होते,

"काका, ही थारच ना?"

"हो, थारच."

"मग घाला की पाण्यात!"

"रविवारी घालतो रे. आज नुकतीच धुतलीय."

आता ज्याच्यासाठी हा जीव टांगणीला लागतो तो रंग. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटचा थर चढतो. मग अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात, म्हणजे कानाकोपऱ्यात गंजरोधक थर बसतो. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सगळ्यात वर चमक देणारा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर एकमेकांवर रचून जाडी भरते साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. मायक्रॉन हा शब्द मालकाने तोवर फक्त प्लास्टिकच्या पिशव्यांच्या संदर्भात ऐकलेला असतो. तो संदर्भ इथेही उपयोगी पडतो. ३१ डिसेंबर २०२२ पासून केंद्राच्या नियमानुसार प्लास्टिकची पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीला जेवढं संरक्षण द्यावं असं सरकारला वाटतं, साधारण तेवढंच पंधरा-अठरा लाखांच्या गाडीला मिळालेलं असतं. त्यातला क्लिअर कोट तर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. हप्ते फिटेपर्यंत मालकाच्या डोक्यावर तुलनेला केस उरत नाहीत, हा भाग वेगळा.

या रंगाचे शत्रू तीन. पहिला चिखल. नाशिक जिल्ह्यात तो दोन जातींचा मिळतो. निफाडकडची काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. द्राक्षाला ती मानवते, गाडीला नाही. बागेतून निघालेला ट्रॅक्टर तिचे लोंदे डांबरी रस्त्यावर टाकत पुढे जातो आणि मागून येणारी नुकतीच धुतलेली गाडी ते एकेक करून गोळा करते. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस शहरापेक्षा कितीतरी जास्त आणि माती तांबूस, मुरमाची. ती फोटोत उठून दिसते, म्हणून हौशी मंडळी तिकडे जातात. यातला खरा मुद्दा असा, की ओला चिखल रंगाला फारसं काही करत नाही. तो नुसता बसून असतो, पाहुण्यासारखा. वाळल्यावर मात्र त्यातली वाळू आणि मुरमाची कच तेवढी कडक उरते, आणि त्या अवस्थेत कुणी त्याला हाताने ढकललं की त्याचा पॉलिश पेपर होतो. चाकाच्या वरच्या खबदाडीत आठवडाभर मुक्काम ठोकलेला चिखल ओल धरून ठेवतो. कुठे रंग उडालेला असेल, तर गंज तिथून सुरू होतो.

दुसरा शत्रू खडी. ही आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तो दगड झाला, त्याने डायनासोरांनाही जुमानलं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यात याच दगडावर गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचं वर्णन करणारा, त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख कोरलेला आहे आणि जवळजवळ १९०० वर्षं तो टिकून आहे. त्याच जातीचा खडा डंपरच्या मागून उडाला की बॉनेटवर आपला लेख क्षणार्धात कोरतो. हाही टिकाऊच असतो, फक्त त्याच्या वाचनाला पुरातत्त्व खात्याचा माणूस लागत नाही. सोसायटीतला कुणीही तो लांबून वाचतो.

खड्याच्या तडाख्याचं गणित सोपं आहे. वेग दुप्पट झाला की तडाखा चौपट होतो. म्हणून डंपरच्या मागे लांब राहावं, हे शहाणपण डंपरच्याच मागे लिहिलेलं असतं. पण 'सुरक्षित अंतर ठेवा' ही अक्षरं रंग उडून इतकी फिकट झालेली असतात, की ती वाचायला आधी जवळ जावं लागतं. बरं, प्रत्येक खडा परक्याकडूनच येतो असंही नाही. गाडी दणकट दिसावी म्हणून मालक कंपनीचे टायर काढून दोन बोटं जास्त रुंद टायर बसवतो. ते मडगार्डच्या बाहेर डोकावू लागतात. मग पुढचं चाक खडी उचलतं आणि स्वतःच्याच दारावर नेम धरून मारतं. मड फ्लॅप लावले असते तर हे टळलं असतं, पण ते "लूक जातो" म्हणून पहिल्याच आठवड्यात काढून गॅलरीत ठेवलेले असतात. तिथे ते कबुतरांपासून कुंड्यांचं रक्षण करतात.

तिसरा शत्रू माणूस. अभ्यासकांनी याच्याकडे दुर्लक्ष केलं असलं, तरी सर्वांत जास्त नुकसान त्याचंच आहे, आणि तो प्रेमापोटी करतो. सुरुवात शोरूममध्येच होते. गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढायचं असतं. ओलं हळदकुंकू बोटावर घेतलं जातं. बोटाच्या शेजारच्याच बोटात पुष्कराजाची अंगठी असते, आणि ती हाताबरोबर स्वस्तिकाची एक समांतर प्रत काढत जाते. सगळे हात जोडून उभे. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढं थोडं ताठ होतं. मग पुढच्या चाकाखाली लिंबू, चाकापुढे नारळ. नारळ दगडावर फुटावा अशी रीत आहे, पण उत्साहात तो दोनदा बंपरला लागून मगच फुटतो. पुढे कुंकू पुसलं जातं आणि हळद राहते. पांढऱ्या गाडीवर ते पिवळसर स्वस्तिक दसऱ्यापर्यंत दिसत राहतं आणि दसऱ्याला, झेंडूच्या माळेसह, त्याच जागी नवं काढलं जातं.

याच गटात बॉनेटच्या उबेला हिवाळ्यात झोपणारं मांजर, आरशाला लटकून केस विंचरणारा कॉलेजकुमार, आणि मळलेल्या गाडीवर बोटाने 'मला धुवा' लिहिणारी मुलं येतात. ही शेवटची मंडळी निरागस दिसतात. गाडी धुतल्यावर कळतं, की अक्षरं मातीत नव्हे, रंगात उमटली आहेत, आणि 'धुवा'तला 'धु' ऱ्हस्वच्या जागी दीर्घ काढला आहे.

सर्वांत गंभीर प्रकार मात्र घरातला. रविवारी रात्री वाळलेल्या चिखलासह गाडी उभी राहते. सोमवारी पहाटे वडील उठतात. मुलगा दमून झोपलाय, त्याला कशाला उठवा, म्हणून ते माळ्यावरचं जुनं बनियन काढतात. बनियन दोन बाह्यांचं, गळ्यापाशी विरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. याच पद्धतीने त्यांनी राजदूत मोटारसायकल तीस वर्षं पुसली. पाणी नाही, साबण नाही. फक्त तोंडाची वाफ आणि गोल गोल हात. बॉनेटवर गोल, दारावर गोल, मागे गोल. सात वाजता मुलगा खाली येतो.

"बघ, कशी लखलखीत केलीय."

"बाबा, पाणी मारलं होतं ना आधी?"

"पाणी कशाला? नुसती माती तर होती."

ऊन चढल्यावर त्या गोलांचा उलगडा होतो. रंगावर सर्व दिशांनी पडलेल्या बारीक चरांपैकी जे प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात, त्यामुळे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं. गॅरेजात त्याला स्वर्ल म्हणतात. मुलगा काही बोलत नाही. वडील आठ दिवस शेजाऱ्यांना सांगत असतात, की आजकालच्या पोरांना गाडी ठेवता येत नाही.

शत्रू ओळखल्यावर उपाय. सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे वर सांगितलेले मड फ्लॅप. स्वस्त आहेत म्हणून त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्यानंतर मेण, म्हणजे वॅक्स. ते पाणी झटकतं, चिखल सुटायला मदत करतं, आणि काही आठवड्यांत उतरतं. भांडी घासायच्या साबणाने गाडी धुतली की पहिल्याच दिवशी उतरतं.

त्यावरचा उपाय सिरॅमिक कोटिंग. हा सिलिकाच्या जातीचा, एक-दोन मायक्रॉनचा थर. पाणी त्यावर मोत्यासारखं घरंगळतं, आणि ते बघायला मालक पावसात छत्री घेऊन उभा राहतो. या थराची ख्याती '९एच' कडकपणाची. ऐकणाऱ्याला वाटतं, हिऱ्याच्या शेजारचं काहीतरी आहे. प्रत्यक्षात एच हा पेन्सिलीचा एच आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली रंगावर ठरावीक दाबाने ओढून ही परीक्षा घेतात, आणि ९एच ही त्यातली कडक पेन्सिल. म्हणजे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचा एखादा मुलगा चिडून बॉनेटवर पेन्सिल घेऊन धावला, तर गाडी पूर्ण सुरक्षित आहे. डंपरची खडी मात्र पेन्सिल घेऊन येत नाही.

खडीवर खरा उतारा एकच: रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. तिला सगळे पीपीएफ म्हणतात. ती पॉलियुरेथेनची, दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड, म्हणजे खालच्या रंगापेक्षाही जाड असते. हिचं मूळ व्हिएतनाम युद्धात आहे. हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-दगडांनी चरे पडू नयेत म्हणून अशी फिल्म पुढे आली. युद्धात हेलिकॉप्टरला जे मिळालं ते आता पाथर्डी फाट्यावर भाजी आणायला जाणाऱ्या गाडीला मिळतं. पूर्ण गाडीला लावायचा खर्च लाखाच्या घरात जातो. हिचा मोठा गुण असा, की बारीक ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येतात. हे कळल्यापासून मालक एप्रिल-मे महिन्यात गाडीला पापडासारखं ऊन दाखवतो. सकाळी डावी बाजू, दुपारी उजवी.

"अहो, गाडी उन्हात का उभी केलीत? सावलीत जागा आहे की."

"बरी होतेय ती."

खोल चर भरत नाही, फिल्म कापली जाते. पण तिच्या खालचा रंग वाचतो, आणि काम एवढंच होतं. संपूर्ण गाडी झाकायची ऐपत नसेल, तर बॉनेटचा पुढचा भाग, बंपर, आरसे, दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या चाकांपुढचा पत्रा एवढं झाकलं तरी बहुतेक खडी तिथेच अडते. हा सल्ला दुकानात सहसा आपणहून मिळत नाही.

काही उपाय परंपरेने आलेले आहेत. जुने जीपवाले पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळकं ऑइल मारत. त्याने गंजाला थोडा आळा बसतो, पण रबरी बुश फुगतात, धूळ दुप्पट चिकटते, आणि पार्किंगच्या फरशीवर गाडीची तेलकट सावली कायमची उमटते. कव्हर हा दुसरा. स्वच्छ गाडीवर स्वच्छ कव्हर चांगलं. मळक्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला, की ते रात्रभर बनियनचंच काम करतं, आणि तेही कुणी चहा न देता. लिंबू-मिरची हा तिसरा. नजर लागू नये म्हणून बंपरला बांधलेलं ते लिंबू ऐंशीच्या वेगाला एकाच जागी आपटत राहतं. नजर लागत नाही, पण महिन्याभराने तिथे लिंबाएवढा डाग दिसतो, आणि तो पाहून लोकांना वाटतं की नजर लागली.

आता धुलाई. पहिला नियम, चिखल वाळायच्या आत पाणी मारावं. वाळलाच असेल तर भरपूर भिजवून तो मऊ होईपर्यंत थांबावं. आधी चाकांवरच्या खबदाडी आणि पोट, मग टपापासून खाली. प्रेशरची तोटी पत्र्यापासून हातभर लांब ठेवावी. जवळून मारलेलं पाणी फिल्मची कड आणि पोपडा धरलेला रंग दोन्ही उचकटतं. मग फेस लावून काही मिनिटं मुरू द्यावा, पण उन्हात वाळू देऊ नये. त्यानंतर दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मळकं फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं आणि मगच शॅम्पूत बुडवायचं. हात सरळ रेषेत, गोल नाही. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं निवृत्त. शेवटी मायक्रोफायबरचा टॉवेल नुसता टेकवून पाणी टिपायचं.

या शास्त्रात दोन अडचणी आहेत. एक, दुसरी बादली.

"घरातली चांगली बादली कुठे गेली?"

"ती शॅम्पूची आहे."

"आणि मी आंघोळ कशात करू?"

दुसरी अडचण पाण्याची. एप्रिलमध्ये सोसायटीच्या फळ्यावर 'टँकरच्या पाण्याने गाड्या धुण्यास सक्त मनाई' अशी सूचना लागते, आणि तिच्याखाली सही असते अध्यक्षांची, ज्यांची गाडी सर्वांत स्वच्छ आहे. मग गाडी पुसणाऱ्या पोऱ्याला महिन्याच्या बोलीवर ठेवतात. त्याच्याकडे बादली एक, फडकं एक, गाड्या चौदा. पहिल्या गाडीला पाणी मिळतं, पाचवीला गढूळ पाणी, चौदावीला निफाड. दोन बादल्यांची पद्धत त्याला समजावून सांगितली, तर तो मान डोलावतो आणि म्हणतो, "शेठ, दोन बादल्यांचे डबल पैसे होतील."

एवढं करूनही खडा लागतोच. पत्रा उघडा पडला, तर गंज धरायच्या आत टचअपची बाटली वापरावी. गाडीच्या स्टिकरवरचा रंगाचा नंबर बघून ती मागवायची, जागा स्वच्छ करून कोरडी करायची, आणि टोकदार काडीने जेवढा खड्डा तेवढाच थेंब ठेवायचा. प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग उदबत्तीच्या काडीने केला. मोहरीएवढ्या खड्ड्याच्या जागी टिकलीएवढा फुगवटा तयार झाला. तो घासायला गेल्यावर तिथे रुपयाएवढा निस्तेज गोल झाला, आणि शेवटी त्यावर डोंगराच्या रेषेचं एक स्टिकर चिकटवावं लागलं. तेव्हापासून रस्त्यावर दिसणाऱ्या अशा गाड्यांवरची डोंगर, होकायंत्रं आणि वाघाची नखं हौसेने लावली असतील, यावरचा त्याचा विश्वास उडाला आहे. स्टिकरांच्या जागा नीट पाहिल्या की गाडीचा सगळा इतिहास वाचता येतो.

सात-आठ वर्षांनी गाडी विकली जाते. फिल्म सोलल्यावर खालचा रंग कारखान्यातून निघाला तसा निघतो. घेणारा गाडीभोवती फिरतो, रंगावर बोट फिरवतो आणि संशयाने विचारतो, "चिखलात कधी घातलीच नाही का हो?" मालक दुखावतो आणि मोबाइलमधले मंगळवारचे फोटो दाखवतो. व्यवहार होतो. पंधरा दिवसांनी तीच गाडी सिग्नलला भेटते. नव्या मालकाने तिला डोक्यापासून पायापर्यंत काळं मॅट रॅप केलेलं असतं, आणि मड फ्लॅप काढलेले असतात.

सारांश एवढाच. डंपरपासून लांब राहावं, मड फ्लॅप लावावेत, चिखल ओला असतानाच पाणी मारावं, आणि घरातलं जुनं बनियन आजच पायपुसण्याला द्यावं. वडिलांना मात्र, ते सोमवारी पहाटे उठायच्या आत, एक मायक्रोफायबरचा टॉवेल आणि पाण्याने भरलेली बादली हातात द्यावी. ते गोलच पुसतील, पण निदान ओलं पुसतील.